रक्ताचा अहवाल कसा वाचावा?

मार्चअखेर आली की दुकानदार वर्षाचा ताळेबंद मांडतो. पावसाळ्यापूर्वी शेतकरी बांध, अवजारे, घराचे छप्पर पाहून घेतो. एस.टी.ची गाडी ठरलेले अंतर धावली की डेपोत तपासणीला लागते, मग ती रस्त्यात बंद पडलेली असो वा नसो. माणसाचे शरीर मात्र अंथरूण धरेपर्यंत तपासायचे नाही, अशी आपली रीत आहे. "मला काय धाड भरलीय?" हे त्यावरचे ठरलेले उत्तर.

याच्या अगदी उलट वागणाराही एक वर्ग अलीकडे तयार झाला आहे. जाहिरात पाहून साठ-सत्तर तपासण्यांचे पॅकेज घ्यायचे, अहवालात एखादा आकडा ठळक छापलेला दिसला की घाबरायचे, आणि सगळे आकडे ठीक असतील तर कागद कपाटात टाकून पहिल्यासारखे वागायला मोकळे! पहिल्याने तपासणी केली नाही आणि दुसऱ्याने करूनही तिचा उपयोग केला नाही.

रक्ततपासणी म्हणजे पास-नापासाची परीक्षा नव्हे. तो आपल्या शरीराचा जमाखर्च आहे. आकड्याला अर्थ येतो तो मागच्या आकड्याशेजारी ठेवल्यावर आणि आपण कसे राहतो, काय खातो, किती हालचाल करतो याच्याशी ताडून पाहिल्यावर. तो कसा ताडून पाहायचा, हे आज समजून घेऊ.

दुखत नाही म्हणजे आजार नाही?

ताप आला, दाढ दुखली, तर माणूस दवाखान्यात जातो. पण मधुमेह सुरुवातीची काही वर्षे दुखत नाही. रक्तदाब दुखत नाही. मूत्रपिंडाचे काम निम्म्यावर आले तरी पुष्कळांना काहीही जाणवत नाही. रक्तक्षय इतका सावकाश होतो की शरीर त्याची सवय करून घेते. जिना चढताना धाप लागते, पण आपण ती वयावर ढकलतो.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी सुमारे १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत.

"मी तर सडपातळ आहे, मला कसला मधुमेह?" असेही विचारले जाते. याचे उत्तर पुण्यातच मिळते. के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचीच छायाचित्रे प्रसिद्ध केली. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचा सारखाच, २२.३. परंतु शरीरातील चरबीचे प्रमाण युडकिन यांचे ९.१ टक्के, तर याज्ञिकांचे २१.२ टक्के! आपल्या लोकांचे हातपाय बारीक दिसले तरी पोटाभोवती चरबी साठलेली असू शकते. म्हणून वजनकाट्याइतकीच शिंप्याची टेप महत्त्वाची. पुरुषाच्या पोटाचा घेर ९० सेंटिमीटरपेक्षा (सुमारे साडेपस्तीस इंच) आणि स्त्रीचा ८० सेंटिमीटरपेक्षा (सुमारे साडेएकतीस इंच) जास्त असेल, तर वजन बेताचे असले तरी साखर तपासून घ्यावी.

कोणत्या तपासण्या कराव्यात?

निरोगी वाटणाऱ्या माणसाला तपासण्यांची लांबलचक यादी लागत नाही. वयाची तिशी ओलांडली की रक्तदाब, वजन व पोटाचा घेर यांच्या जोडीला पुढील चार गोष्टी पुरेशा आहेत.

१) हिमोग्लोबिन व रक्तपेशींची मोजणी : पुरुषाचे हिमोग्लोबिन १३ च्या खाली, स्त्रीचे १२ च्या खाली आणि गर्भवतीचे ११ च्या खाली असेल तर त्याला रक्तक्षय म्हणतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. थोडक्यात, घरातली बाई "अंगात त्राण नाही" म्हणते तेव्हा ते निमित्त नसते. सर्वांना वाढून झाल्यावर उरलेसुरले खाणाऱ्या गृहिणीचा अहवाल घरात सर्वांत आधी व्हायला हवा, पण तो बहुधा सर्वांत शेवटी होतो.

लोहाच्या गोळ्या सरकारी आरोग्य केंद्रात मिळतात. त्या चहाबरोबर घेऊ नयेत, चहामुळे लोह नीट शोषले जात नाही. लिंबूपाण्याबरोबर घेतल्यास चांगले. हिमोग्लोबिन वाढले म्हणून गोळ्या लगेच बंद करायच्या नसतात. शरीरातील साठा भरून येण्यासाठी त्या पुढे सुमारे तीन महिने चालू ठेवाव्या लागतात. शाकाहारी मंडळींत बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरताही बरीच आढळते. मुंग्या येणे, जीभ लाल होणे, तोल जाणे अशी लक्षणे असतील तर त्याची तपासणी करावी.

येथे एक धोक्याची सूचना. पन्नाशीच्या पुढच्या पुरुषाचे किंवा पाळी थांबलेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन कमी झाले, तर टॉनिकची बाटली आणून स्वस्थ बसू नये. मूळव्याध, जठरातील व्रण किंवा आतड्यातील गाठ यांतून नकळत रक्त जात असू शकते. रक्त भरून काढण्याआधी ते जाते कुठे, हे शोधले पाहिजे.

२) साखर : उपाशीपोटी साखर १०० पेक्षा कमी असणे योग्य. १०० ते १२५ हा उंबरठा, आणि १२६ किंवा त्याहून अधिक म्हणजे मधुमेह. ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी केलेल्या तपासणीत १४० पेक्षा कमी योग्य, १४० ते १९९ उंबरठा, २०० व त्यापुढे मधुमेह. लक्षणे नसतील तर एकाच अहवालावरून मधुमेहाचा शिक्का मारत नाहीत, तपासणी पुन्हा करून खात्री करतात.

तिसरी तपासणी एचबीए-वन-सी नावाची. तांबड्या रक्तपेशीचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे. तेवढ्या दिवसांत तिच्यावर साखरेचा जो लेप बसतो, तो या तपासणीत मोजतात. त्यामुळे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी कळते. ५.७ टक्क्यांपेक्षा कमी योग्य, ५.७ ते ६.४ उंबरठा, ६.५ व त्यापुढे मधुमेह. तपासणीच्या आधी चार दिवस गोड सोडून उपाशीपोटीचा आकडा सजवता येतो, पण हा आकडा सजवता येत नाही. मात्र रक्तक्षय असेल तर ही तपासणी चकवू शकते. विदर्भात व खानदेशात आढळणाऱ्या सिकलसेलच्या रुग्णांतही तिच्यावर भरवसा ठेवता येत नाही. तेथे साखरेच्या साध्या तपासणीवरच निर्णय घ्यावा लागतो.

३) क्रिएटिनिन व लघवी : मधुमेह, रक्तदाब, मूतखडा असणाऱ्यांनी आणि गुडघे-कंबर दुखते म्हणून वेदनाशामक गोळ्या वरचेवर खाणाऱ्यांनी ही तपासणी दरवर्षी करावीच. क्रिएटिनिनचा आकडा वाचताना एक खुबी ध्यानात ठेवावी. अहवालात बाजूला साधारण मर्यादा छापलेली असते आणि आकडा तिच्यात बसला की आपण निश्चिंत होतो. पण तोच आकडा सर्वांना सारखा लागू नाही. पंचावन्न वर्षांच्या पुरुषाचे क्रिएटिनिन १.२ असेल, तर वय धरून केलेल्या हिशेबाने मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता सुमारे ७१ येते. त्याच वयाच्या स्त्रीचे १.२ असेल तर ती सुमारे ५३ येते, आणि ६० च्या खालचा आकडा तीन महिने टिकला तर तो मूत्रपिंडाचा दीर्घ आजार समजतात. म्हणून अहवालावर 'ईजीएफआर' हा आकडा छापलेला आहे का ते पाहावे. नसेल तर डॉक्टरांकडून काढून घ्यावा. मधुमेह्यांनी लघवीतील अल्ब्युमिन नावाच्या प्रथिनाचीही तपासणी करावी. क्रिएटिनिन वाढण्याच्या कितीतरी आधी ही तपासणी इशारा देते.

४) चरबी : एकूण कोलेस्टेरॉल २०० पेक्षा कमी, ट्रायग्लिसराइड १५० पेक्षा कमी आणि घातक समजले जाणारे एलडीएल १०० च्या आसपास किंवा कमी असणे चांगले. ज्यांना मधुमेह आहे किंवा हृदयविकाराचा झटका येऊन गेला आहे त्यांच्यासाठी मर्यादा याहून कडक असते, ती डॉक्टर ठरवतात.

किती दिवसांनी? सर्व आकडे चांगले असतील आणि घराण्यात आजार नसेल, तर साखर दर तीन वर्षांनी पाहिली तरी चालते. आई-वडिलांना मधुमेह, पोटाचा घेर जास्त, रक्तदाब, गरोदरपणात वाढलेली साखर, किंवा मागचा आकडा उंबरठ्यावर, यांपैकी काही असेल तर दरवर्षी. थायरॉइडची तपासणी लक्षणे असतील तर करावी. कर्करोगाच्या म्हणून पॅकेजात घातलेल्या रक्ततपासण्या निरोगी माणसाने हौसेने करू नयेत. त्यांतून निष्पन्न थोडे होते आणि घोर मात्र महिनाभर लागतो.

खर्चाचे म्हणाल, तर तिशीपुढच्या सर्वांची रक्तदाबाची व साखरेची प्राथमिक तपासणी उपकेंद्र व प्राथमिक आरोग्य केंद्रांत राष्ट्रीय कार्यक्रमाखाली होते. महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील तपासण्या व उपचार १५ ऑगस्ट २०२३ पासून नि:शुल्क करण्यात आले आहेत.

रक्त द्यायला जाताना

- उपाशीपोटी म्हणजे किमान आठ तास काही न खाता. पाणी प्यावे, चहा नको. "बिनसाखरेचा घेतला" हेही चालत नाही.
- आदल्या दिवशी लग्नाच्या पंगतीत किंवा मटणाच्या बेतात असाल, तर तपासणी दोन दिवस पुढे ढकलावी. अशा जेवणाने ट्रायग्लिसराइड वाढते आणि मटणाने क्रिएटिनिनही थोडे वाढू शकते.
- ताप, जखम किंवा मोठे आजारपण चालू असताना नेहमीची तपासणी करू नये. आजारात साखर तात्पुरती वाढते.
- मधुमेहाची गोळी किंवा इन्शुलिन घेऊन उपाशी राहू नये. कोणते औषध घ्यायचे आणि कोणते थांबवायचे, हे आदल्या दिवशीच डॉक्टरांना विचारून ठेवावे.
- साखरेचे रक्त करड्या झाकणाच्या नळीत घेतात. साध्या नळीतल्या रक्तपेशी साखर खात राहतात आणि दर तासाला साखर पाच ते सात टक्क्यांनी उतरू शकते. खेड्यातून घेतलेले रक्त दुपारी तालुक्याला पोचणार असेल, तर हा फरक मोठा होतो. नमुना केव्हा पोचेल, हे विचारण्यात संकोच नको.
- अहवालावर पॅथॉलॉजी शिकलेल्या डॉक्टरांची सही आहे ना, हे पाहावे.

"इतके रक्त काढतात, अशक्तपणा येईल," ही भीती व्यर्थ आहे. प्रौढ माणसाच्या अंगात सुमारे पाच लिटर रक्त असते. तपासणीला लागते पाच-दहा मिलिलिटर, म्हणजे चहाचे एक-दोन चमचे.

ठळक अक्षरांची भीती

अहवालात मर्यादेबाहेरचा आकडा ठळक छापतात आणि तो पाहून घरात चिंता पसरते. ही मर्यादा ठरते कशी? पुष्कळ तपासण्यांत शंभर निरोगी माणसांचे आकडे घेऊन मधल्या पंच्याण्णवांना 'साधारण' म्हणतात. म्हणजे उरलेली पाच माणसेही निरोगीच असतात, तरी त्यांचा आकडा ठळक छापला जातो. आता अशा वीस वेगवेगळ्या तपासण्या एका धडधाकट माणसाच्या केल्या, तर ढोबळ हिशेबाने निदान एक आकडा मर्यादेबाहेर जाण्याची शक्यता साठ टक्क्यांहून अधिक असते. सत्तर तपासण्यांच्या पॅकेजात काहीच ठळक आले नाही तरच नवल! आकडा किंचित पुढेमागे असेल तर आधी तपासणी पुन्हा करावी, औषध नंतर.

पण उलटही खरे आहे. मर्यादेत असलेला आकडाही बोलत असतो. समजा, एका गृहस्थांची उपाशीपोटी साखर पहिल्या वर्षी ८६, दोन वर्षांनी ९३, आणखी दोन वर्षांनी ९९ आली. तिन्ही अहवाल बिनठळक, तिन्ही वेळा घरात आनंद. पण तिन्ही कागद शेजारी ठेवले तर वाट कोणत्या दिशेने चालली आहे, हे शाळकरी मुलालाही दिसेल. तसेच समजा, हिमोग्लोबिन १५ वरून १४ आणि १४ वरून १३.२ वर आले. एकही आकडा मर्यादेखाली नाही, पण विचारणा व्हायलाच हवी. म्हणून अहवाल फेकू नयेत. एका वहीत तारीख, वय, वजन, पोटाचा घेर, रक्तदाब आणि चार आकडे एका ओळीत लिहावेत. शक्यतो एकाच प्रयोगशाळेत तपासणी करावी, म्हणजे ओळींची तुलना खरी होते.

ओळीच्या पुढे लिहायचे प्रश्न

आकडे प्रयोगशाळा देते, पण ते तसे का आले याचे उत्तर आपल्यालाच द्यायचे असते. त्या ओळीच्या पुढे, कोणाला दाखवायचे नाही अशा बेताने, खरी उत्तरे लिहावीत. गेल्या वर्षात मी आठवड्यातून किती दिवस अर्धा तास भरभर चाललो? रात्री किती वाजता जेवलो? पापड, लोणचे, फरसाण यांतून मीठ किती गेले? तंबाखू, मिश्री, विडी, दारू यांचे काय? अंगदुखीच्या गोळ्या महिन्याला किती? झोप किती तास? मन कशाने पोखरले आहे? आणि आई-वडील, भाऊ-बहीण यांना कोणते आजार झाले?

डॉक्टरांसमोर माणूस "चालतो की रोज" म्हणून जातो. वहीसमोर तसे म्हणता येत नाही. आकडा वाढण्याचे कारण बहुतेक वेळा याच उत्तरांत सापडते. आणि कारण सापडले तर उपाय आपल्या हाती असतो. चेन्नई येथे उंबरठ्यावरच्या लोकांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. नेहमीप्रमाणे राहणाऱ्या गटातील ५५ टक्के लोकांना तीन वर्षांत मधुमेह झाला. ज्यांनी खाणे सांभाळले व चालणे वाढवले, त्यांच्यात हे प्रमाण ३९ टक्के राहिले. म्हणजे शंभरांतील सोळा जणांचा मधुमेह त्या तीन वर्षांत तरी टळला. उंबरठ्यावरचा आकडा ही वाईट बातमी नव्हे. परत फिरायला अजून वाट मोकळी आहे, एवढाच त्याचा अर्थ.

रक्त सगळेच सांगत नाही, हेही विसरू नये. तोंडातील न भरणारा पांढरा किंवा लाल चट्टा, स्तनातील गाठ, वाढलेला रक्तदाब, खचलेले मन या गोष्टी नळीतल्या रक्तात दिसत नाहीत. सर्व आकडे उत्तम आले म्हणून तंबाखूची पुडी खिशात ठेवण्याचा परवाना मिळत नाही.

"नकोच ते, काहीतरी निघेल!"

तपासणी टाळण्याचे खरे कारण पैसा किंवा वेळ नसतो. ते असते भीती. काही निघाले तर गोड सुटेल, लोक काय म्हणतील, मुलीच्या लग्नाआधी घरात आजार नको, असे नाना विचार मनात येतात. पण तपासणीने आजार लागत नाही, असलेला कळतो. कागद न पाहिल्याने साखर उतरत नाही. लवकर कळलेल्या मधुमेहाला चालणे, आहार आणि बहुधा एखाद-दुसरी गोळी पुरते. उशिरा कळलेला मधुमेह डोळ्याचा पडदा, पायाचा अंगठा आणि मूत्रपिंड यांची किंमत मागू शकतो. डायलिसिससाठी आठवड्यातून दोन-तीनदा जिल्ह्याच्या गावी जाणाऱ्या कुटुंबाला विचारा, उशिराचा अर्थ काय ते.

घरातील मोठ्या माणसांना "तुम्ही तपासून घ्या" असे सांगण्यापेक्षा "चला, सगळेच जाऊ" म्हणावे. एकाच दिवशी घरातील तिशीपुढचे सर्वजण गेले की कोणालाच आपण आजारी ठरलो असे वाटत नाही. आणि घरची गृहिणीही मागे राहत नाही.

लक्षात ठेवा

१. तिशीनंतर रक्तदाब, पोटाचा घेर, हिमोग्लोबिन, साखर, क्रिएटिनिन व चरबी तपासावी. मोठ्या पॅकेजची गरज नाही.

२. एका आकड्याने घाबरू नये आणि एका आकड्याने निश्चिंतही होऊ नये. मागचे अहवाल शेजारी ठेवून वाचावे.

३. डॉक्टरांकडे जाताना जुने अहवाल आणि घेत असलेल्या सर्व गोळ्यांची पाकिटे बरोबर न्यावीत. काढा, चूर्ण, भस्म घेत असाल तर तेही सांगावे.

४. स्वतःच्या मनाने औषध सुरू करू नये, आणि आकडा सुधारला म्हणून स्वतःच्या मनाने बंदही करू नये.

५. वहीतील पहिली ओळ या आठवड्यातच लिहावी. रक्ततपासणी व्हायची असली तरी वजन, पोटाचा घेर आणि आपली खरी उत्तरे एवढे लिहायला आजही काही अडत नाही.